माणदेश : नदी एक, जिल्हे तीन, भूगोल, इतिहास आणि पाण्याची गोष्ट

माणदेश म्हणजे नेमका कोणता भाग, असं विचारलं तर सरकारी नकाशात त्याचं उत्तर सापडत नाही. माणदेश नावाचा जिल्हा नाही, विभाग नाही. सातारा जिल्ह्यातला माण तालुका आणि खटावचा पूर्व भाग, सांगली जिल्ह्यातला आटपाडी, सोलापूर जिल्ह्यातला सांगोला आणि मंगळवेढ्याचा काही भाग, असा हा मुलूख तीन जिल्ह्यांत वाटला गेलाय. खानापूर, जत आणि फलटणच्या लगतच्या गावांतली मंडळीही स्वतःला माणदेशी म्हणवतात. या सगळ्यांना बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माण नदी. तिला माणगंगा असंही म्हणतात.

नदीमुळे हा प्रदेश एक झाला आणि हद्दींमुळे तो वाटला गेला. इथल्या दुष्काळाची आणि पाण्याची गोष्ट समजून घ्यायची तर ही एक बाब आधी ध्यानात घ्यावी लागते.

डोंगर, नद्या आणि पाऊस

सह्याद्रीपासून पूर्वेकडे महादेवाच्या डोंगराची रांग निघते. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव याच रांगेवर आहे. ही रांग पाण्याची वाटणी करते. रांगेच्या उत्तरेला पडलेलं पाणी नीरेकडे जातं. दक्षिणेच्या उतारावरचं पाणी दोन वाटांनी जातं. खटावमधून वाहणारी येरळा वडूजवरून खाली उतरते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. माण नदी मात्र पूर्वेची वाट धरते. कुळकजाई परिसरातल्या सीतामाईच्या डोंगरात ती उगम पावते. पुढे आंधळी, दहिवडी, म्हसवड, दिघंची, सांगोला असा प्रवास करत ती मंगळवेढा-पंढरपूरच्या शिवेवर सरकोलीजवळ भीमेला मिळते. भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. म्हणजे माणचं पाणीही शेवटी कृष्णेचंच, पण फार लांबच्या वळणानं.

पावसाचं गणित याहून विचित्र. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस होतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या माण तालुक्यात सरासरी सुमारे ४५० ते ५०० मिलिमीटर पडतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रिकामे होतात. पलीकडच्या बाजूला उरतं ते कोरडं वारं. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. जून-जुलैत इथं नुसते ढग पळतात. खरा भरवसा परतीच्या पावसाचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तो चुकला की रब्बी गेली, विहीर गेली आणि जनावरांची वैरणही गेली.

जमीन बहुतेक ठिकाणी हलकी. वर वितभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा बेसाल्ट खडक. माळावर बाभूळ, बोर, लिंब आणि कुसळी गवत. नदीकाठाला आणि पूर्वेकडे सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला काळी जमीन लागते. खरिपात बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बीत ज्वारी ही जुनी पीकपद्धत. कमी ओलीवर, रात्रीच्या थंडीवर आणि काळ्या रानाच्या जोरावर येणारी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. माळरान ओसाड दिसतं, पण ते रिकामं नाही. लांडगा, खोकड, कोल्हा यांचं ते घर आहे. आटपाडीजवळचं वनक्षेत्र २०२३ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं.

मेंढरं, खिलार आणि घोंगडी

पाणी कमी आणि माळ मोठा, म्हणून इथला संसार पूर्वीपासून जनावरांवर उभा राहिला. धनगर समाजाची मेंढरं हे माणदेशाचं चालतं-फिरतं धन. पाऊसपाणी सरलं की वाडे घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचं, शेतात मेंढरं बसवून खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मिरगाच्या सुमारास परत यायचं, असा हा वर्षाचा फेरा. मेंढीच्या लोकरीवर सनगर समाजाचा घोंगडी विणण्याचा धंदा चालला. म्हसवडची घोंगडी आजही विचारून घेतली जाते.

दुसरं धन खिलार बैलाचं. काटक, चपळ, कमी चाऱ्यावर तग धरणारा हा बैल. आटपाडी महाल आणि म्हसवड ही खिलारच्या प्रकारांची नावंच या मुलखावरून पडली. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. म्हसवडलाही सिद्धनाथाचं मोठं ठाणं आहे आणि तिथली रथयात्रा तीन जिल्ह्यांतल्या भाविकांची असते. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी येतात. सासवडची कावड अवघड मुंगी घाटातून वर चढते, तो सोहळा बघायला डोंगर माणसांनी भरून जातो. देवाला घालायला पाणी खालून खांद्यावर वाहून आणायचं, ही प्रथा या कोरड्या मुलखाला शोभणारीच म्हणायची.

माणपूर ते मराठेशाही

या भागाचा इतिहास बराच मागं जातो. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास कुंतल प्रदेशावर राज्य करणाऱ्या एका राष्ट्रकूट घराण्याची राजधानी माणपूर होती. ताम्रपटांत आलेलं हे माणपूर म्हणजे साताऱ्यातलं माण, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. पुढं मंगळवेढा हे कलचुरी बिज्जलाचं ठाणं होतं. शिंगणापूरचं नाव देवगिरीच्या यादव घराण्यातल्या सिंघण राजाशी जोडलं जातं.

बहामनी काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घडली. दुष्काळात माणसं मरायला लागली तेव्हा त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडी केली, ही ती कथा. इथल्या सगळ्यात मोठ्या लोककथेचा नायक लढवय्या नसून भुकेल्यांना धान्य देणारा कारकून आहे, यातच या प्रदेशाची नड दिसते.

शंभू महादेव हे भोसले घराण्याचं कुलदैवत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी शिंगणापूरच्या डोंगरावर यात्रेकरूंसाठी मोठं तळं बांधलं. शिवकाळात वर्धनगड, महिमानगड, भूषणगड हे किल्ले या भागाची राखण करत होते. म्हसवडचे माने हे इथलं बलाढ्य देशमुख घराणं. १६९७ मध्ये याच शंभू महादेवाच्या डोंगररांगेत सेनापती संताजी घोरपडे यांची हत्या झाली आणि ती म्हसवडच्या नागोजी माने यांनी केली, अशी इतिहासाची नोंद आहे.

हद्दी कशा पडल्या?

पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख वेगवेगळ्या मालकांकडं गेला. सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि माण, खटाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात आले. सांगोला इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात राहिला. आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडं, मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांकडं आणि जत डफळ्यांकडं. एका नदीच्या काठावर अशा चार-पाच सत्ता नांदत होत्या.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. आटपाडी तिकडं गेली. माण-खटाव उत्तर साताऱ्यात म्हणजे आजच्या साताऱ्यात राहिले. सांगोला, मंगळवेढा सोलापुरात. तिन्ही जिल्ह्यांत माणदेशाच्या वाट्याला आली ती कडेची जागा. जिल्ह्याचं ठिकाण लांब, बागायती तालुक्यांचं वजन जास्त आणि दुष्काळी तालुके शेवटच्या टोकाला, ही तक्रार तिन्हीकडं सारखीच ऐकू येते.

याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवड तलाव असंही म्हणतात. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून इंग्रज सरकारनं माण नदीवर या कामाला हात घातला. आज भिंत आटपाडी तालुक्यातल्या राजेवाडीत, फुगवट्याचं पाणी माण तालुक्यात आणि कालव्याचा फायदा मुख्यतः सांगोल्याकडं. म्हणजे एकाच तलावासाठी तीन जिल्ह्यांची कचेरी. खटावात येरळेवरचा नेर तलाव आणि मायणीचा तलावही इंग्रजांच्याच काळातले. मायणीच्या तलावावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात.

औंधचा प्रयोग आणि बेचाळीसची चळवळ

औंध संस्थान अवघं ७२ गावांचं, तेही विखुरलेलं. पण १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपणहून सत्ता लोकांच्या हाती दिली. गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना तयार झाली आणि ग्रामपंचायतींच्या पायावर कारभार उभा राहिला. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. कैद्यांना भिंतीआड न ठेवता कुटुंबासह राहू द्यायचं, शेती करू द्यायची, हा तो प्रयोग. यावरूनच व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट सुचला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. ही वसाहत आजही चालू आहे.

शेजारच्या इंग्रजी मुलखात वातावरण वेगळं होतं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. पोलिसांनी गोळीबार केला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. वडूजचं हुतात्मा स्मारक त्याची आठवण सांगतं.

माळावरचं साहित्य

आटपाडी तालुक्यातल्या माणसांनी मराठी साहित्याला जे दिलं ते मोठ्या शहरांनाही हेवा वाटावं असं आहे. ग. दि. माडगूळकर यांचा जन्म १९१९ साली शेटफळे इथला. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’तून हा मुलूख सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा केला. बनगरवाडीतही शेवटी दुष्काळच येतो आणि धनगरांची वाडी ओस पडते. आटपाडीचेच शंकरराव खरात यांनी ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात याच गावकुसाची दुसरी बाजू, दलित वस्तीचं जिणं लिहिलं. हे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: गदिमा १९७३ ला यवतमाळला, व्यंकटेश माडगूळकर १९८३ ला अंबाजोगाईला आणि खरात १९८४ ला जळगावला.

दुष्काळ आणि गाव सोडणं

१९७२ चा दुष्काळ अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहे. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं आणि नालाबांध. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. या योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातलेच. माणदेशातले कितीतरी पाझर तलाव आणि रस्ते हे या कामाचे.

पण काम दुष्काळापुरतं, पोट बारमाही. त्यामुळं माणसं बाहेर पडली. माण-खटावची माणसं मुंबईत गिरण्यांत गेली, माथाडी झाली. आटपाडी-खानापूरची मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभरातल्या शहरांत पोचली. आज गावातले बरेच बंगले गलाईच्या पैशाचे आहेत. मागं राहिलेल्या बायकांनीही वाट काढली. म्हसवडला १९९७ मध्ये ग्रामीण महिलांसाठी माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत जनावरांबरोबर माणसांनीही मुक्काम ठोकला. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा ‘माणदेशी एक्स्प्रेस’ हे नाव देशानं ऐकलं.

कृष्णेचं पाणी येतं तेव्हा

कृष्णा जवळून वाहते, पण खालून. माणदेशाचं पठार उंचावर. म्हणून पाणी आणायचं तर उचलूनच आणावं लागतं. १९७६ च्या बच्छावत लवादाच्या निवाड्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आलं. ते ठराविक मुदतीत अडवलं पाहिजे, या घाईत १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि उपसा योजनांना वेग आला.

मात्र योजना कागदावरून रानात यायला लोकांना रस्त्यावर यावं लागलं. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे अकरा वेळा आमदार झालेले गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर ही त्या चळवळीतली प्रमुख नावं. या परिषदांचं महत्त्व असं की तिथं जिल्ह्याची हद्द गळून पडली आणि दुष्काळी तालुके एका मांडवात बसले. मागणीही नुसती ‘पाणी द्या’ एवढी नव्हती. प्रत्येक कुटुंबाला समान पाणी मिळावं, भूमिहीनालाही वाटा असावा, असा आग्रह होता. तसा एक नमुना त्याआधीच खानापूर तालुक्यात येरळेवर उभा राहिला होता. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि ‘बळीराजा’ धरण स्वतः बांधलं.

आजची स्थिती अशी. कराडजवळ टेंभू इथून उचललेलं कृष्णेचं पाणी कडेगाव, खानापूरमार्गे आटपाडी आणि सांगोल्यापर्यंत येतं. योजनेचं मूळ लक्ष्य सुमारे ८० हजार हेक्टरचं. आटपाडीतले तलाव या पाण्यानं भरतात आणि माण नदीत सोडलेल्या पाण्यानं कोल्हापूर पद्धतीचे बंधारेही. म्हसवडच्या बाजूला उरमोडीचं पाणी येतं. जिहे-कठापूर योजनेतून पाणी आधी नेर तलावात आणि तिथून पुढं माणमधल्या आंधळी धरणात जातं. या योजनेला खटावचे सुपुत्र लक्ष्मणराव इनामदार यांचं नाव आहे. मंगळवेढा आणि जतची नजर म्हैसाळ योजनेवर.

गावांनी स्वतःचं पाणी अडवण्याचं कामही केलं. २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं आणि भांडवली दुसऱ्या क्रमांकावर. पाणी कमी असलं तरी नेमकं वापरलं तर काय होतं, हे सांगोला आणि आटपाडीच्या डाळिंबानं दाखवलं. ठिबकवर वाढलेलं हे डाळिंब परदेशात गेलं. पुढं तेल्या आणि खोडकिडीनं बागा मोडल्या, तेव्हा एकाच पिकावर भार टाकण्याची किंमतही कळली.

आता प्रश्न कोणता?

पाणी आलं म्हणजे प्रश्न संपला असं नाही. उपसा सिंचनाचं पाणी विजेवर येतं. वीजबिलातला ८१ टक्के वाटा शासनाचा आणि १९ टक्के लाभधारकांचा, असं सूत्र ठरलं आहे. पट्टी थकली की पंप थांबण्याची टांगती तलवार असते. आवर्तन सुटलं तरी वरची गावं आधी भिजतात आणि टोकाची गावं वाट बघत बसतात. ज्या रानात मटकी-बाजरी होती तिथं ऊस उभा राहायला लागला की तेवढंच पाणी अपुरं पडायला लागतं. बोअर खोल जातात, नदीतली वाळू उपसली जाते आणि पाणी मुरायला जागाच उरत नाही.

खरी मेख हद्दीत आहे. माण नदीत वर किती पाणी अडवायचं आणि खाली किती सोडायचं, हे ठरवताना दहिवडी साताऱ्याकडं बघते, आटपाडी सांगलीकडं आणि सांगोला सोलापूरकडं. योजनाही वेगळ्या, पालकमंत्रीही वेगळे, आवर्तनाची बैठकही वेगळी. नदी मात्र सीतामाईच्या डोंगरापासून सरकोलीपर्यंत एकच आहे. उगमापासून संगमापर्यंतचा पाण्याचा हिशोब एका टेबलावर मांडला गेला, तर राजेवाडीच्या तलावात पाणी कुणाचं आणि भिंत कुणाची, हा वाद तरी मिटेल. १९९३ मध्ये आटपाडीच्या मांडवात जे तालुके एकत्र बसले होते, त्यांना आता पाणी मागायला नाही, तर आलेलं पाणी वाटायला पुन्हा एकत्र बसावं लागणार आहे.

माणदेश एका नजरेत

मुख्य नदी : माण (माणगंगा), भीमेची उपनदी

मुख्य तालुके : माण, पूर्व खटाव (सातारा), आटपाडी (सांगली), सांगोला, मंगळवेढ्याचा काही भाग (सोलापूर)

प्रमुख ठिकाणं : दहिवडी, म्हसवड, शिखर शिंगणापूर, आटपाडी, खरसुंडी, सांगोला, मंगळवेढा

पिकं : ज्वारी, बाजरी, मटकी, डाळिंब

पशुधन : खिलार बैल, मेंढ्या, शेळ्या

पाणी योजना : टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर, म्हैसाळ; जुने तलाव राजेवाडी, नेर, मायणी